आवाज नसलेले चित्रीकरण

बेल्ह्याच्या बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल काढून समोरच्याच्या हातावर पसरतो, त्याखाली दोन हात एकमेकांची बोटे दाबतात आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना आकडा कळत नाही. सौदा जमला की हात बाहेर येतो. मोडला तर रुमाल एकदा झटकून पुन्हा खांद्यावर टाकायचा. त्या झटक्याचा अर्थ असा, की या जनावरापुरता तुझा-माझा संबंध संपला. संपत औटी यांनी ही भाषा एकोणिसाव्या वर्षी आत्मसात केली आणि पुढची चाळीस वर्षे तिच्यावरच संसार चालवला. त्यांना लिहिता-वाचता येते. तरीही या धंद्यात त्यांनी कधी कागद केला नाही. कागद मागणे म्हणजे समोरच्याच्या शब्दावर संशय घेणे, अशी त्यांची धारणा होती. असा माणूस माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या दहा महिने चढत राहिला.

त्यांचा भागीदार धर्माजी. दोघे एकाच गावचे, एकाच शाळेतून एकाच वर्षी बाहेर पडलेले. जनावर हेरून आणायचे धर्माजीने आणि बाजारात उभे करायचे संपतरावांनी, ही वाटणी तीस वर्षे चालली. एका सोमवारी धर्माजीने आणलेली खिलार जोडी संपतरावांच्या दावणीला होती. आंबेगाव तालुक्यातून आलेल्या एका तरुणाने ती आपल्या मामाची चोरीला गेलेली जोडी असल्याचे सांगितले, गर्दी जमली आणि पोलिसांनी संपतरावांना जीपमध्ये बसवले. धर्माजी त्या वेळी बाजारात दिसला नाही. सायंकाळी ठाण्याच्या फाटकातून संपतराव बाहेर आले, तेव्हा मात्र तो मोटारसायकल घेऊन उभा होता. घरी सोडताना त्याने सांगितले, की मी आत जाऊन शब्द टाकला म्हणून सुटलास. संपतरावांना ते खरे वाटले, कारण त्यांनी स्वतः तेच केले असते.

हाच उपकार पुढे त्यांच्या गळ्याशी आला. ‘धर्माजीमुळे सुटला’ हे वाक्य बाजारभर फिरले आणि त्यातून लोकांनी उरलेला अर्थ काढला: सुटला म्हणजे अडकण्याजोगे काही तरी होते. शेतकरी नमस्कार करत, पण हात पुढे करेनात. रुमाल पसरून उभ्या असलेल्या दलालाला कोणी हात देत नाही, तेव्हा तो जागच्या जागी धंद्याबाहेर झालेला असतो. चार महिन्यांत संपतरावांच्या दावणीला एक गोऱ्हाही उभा राहिला नाही. मग त्यांनी ठरवले, की धर्माजीने साहेबांपुढे जी ग्वाही दिली तीच सरकारी कागदावर आणायची आणि बाजाराला दाखवायची.

जुन्नरच्या बाजारपेठेत पारसमल शेठजींची सून खुशबू झेरॉक्सचे दुकान चालवते आणि अर्जही टाइप करून देते. संपतरावांनी तिला जोडीचे दात, शिंगे, वशिंड यांपासून सारे सांगितले. तिने हात थांबवून विचारले, “काका, पोलिसांना बैल विकायचाय का? दीडशे शब्दांच्या आत बसवायचंय सगळं.” अखेर दोनच गोष्टी उरल्या: त्या दिवसाच्या ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंदी आणि दुपारी तीन ते सहा या वेळेतले अंमलदाराच्या खोलीतील कॅमेऱ्याचे चित्रीकरण. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज गेला.

धर्माजीला हे कळले तेव्हा तो घरी आला, चहा घेतला आणि समजावू लागला. “कशाला कागुद पायजे राव? मी हाय ना जित्ता. कुनी इचारलं तर मी सांगन.”

संपतराव हसून म्हणाले, की तुझंच तर नाव मोठं होणार आहे त्यात.

महिन्याभराने उत्तर आले. मागितलेल्या माहितीत त्रयस्थ व्यक्तीचा जबाब व प्रतिमा असल्याने त्या व्यक्तीचे म्हणणे मागवले होते; तिने हरकत घेतल्याने माहिती देता येत नाही. व्यक्तीचे नाव नव्हते. खुशबूने पत्र दोनदा वाचले आणि विचारले, की तक्रारदार सोडला तर त्या खोलीत तुमच्या बाजूचं कोण होतं? संपतराव म्हणाले, धर्माजी. पण तो कशाला हरकत घेईल? हरकत त्या आंबेगावच्या मामा-भाच्याचीच असणार. खुशबूने अपिलाचा मसुदा करायला घेतला.

अपील वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे चालले. अर्जदाराच्या चारित्र्यावर त्या दिवसामुळे डाग आला असेल, तर त्या दिवसाची नोंद पाहण्याचा त्याचा हक्क त्रयस्थाच्या हरकतीहून मोठा ठरतो, असा निर्णय झाला. तोपर्यंत अर्जाला दहा महिने झाले होते. ठाण्यातल्या शिपायाने संगणकासमोर खुर्ची दिली आणि आधीच सांगून ठेवले, की कॅमेरा जुना आहे, आवाज येत नाही, बघून काय कळणार.

तीन वाजून अठरा मिनिटांनी धर्माजी खोलीत येतो. अंमलदार काही विचारतो. धर्माजी आधी मान हलवतो, मग खांद्यावरचा रुमाल काढतो, एकदा झटकतो आणि परत खांद्यावर टाकतो. शिपायाच्या दृष्टीने एका माणसाने धूळ झटकली होती. संपतरावांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला आणि मग तिसऱ्यांदा.

दैनंदिनीच्या नकलेने त्यात काही भर घातली नाही, फक्त वेळा दिल्या. तीन वाजून वीस मिनिटे: धर्माजी यांचा जबाब, ‘सदर बैलजोडीशी माझा काही संबंध नाही, संपत याने ती परस्पर आणली.’ चार वाजून पन्नास मिनिटे: तक्रारदार मामा स्वतः हजर, बैलांच्या कपाळावरचे भोवरे पाहून ही जोडी आपली नव्हे असे सांगितले, भाच्याची चूक झाली, संपत औटी यांस घरी जाऊ दिले. जामीन नाही, शब्द नाही, मध्यस्थी नाही. ज्या अनोळखी मामावर संपतरावांनी इतके महिने राग धरला होता, त्याने घोडेगावापलीकडून एसटीने येऊन खरे सांगितले होते. ज्याच्या उपकाराचे ओझे त्यांनी वाहिले, त्याने तासाभरात हात काढून घेतला होता आणि वेळ टळल्यावर फाटकाशी येऊन श्रेय तेवढे उचलले होते.

खुशबूने नकलेच्या दहा प्रती काढल्या. पैसे घेतले नाहीत.

पुढच्या सोमवारी संपतरावांनी त्या प्रती बाजारात वाटल्या. कुणी वाचल्या, कुणी वाचून घेतल्या. एका शेतकऱ्याने मुकाट्याने आपला बैल त्यांच्या दावणीला आणून बांधला. नाव परत आले ते असे, एका जनावराएवढे. दुपारच्या सुमारास धर्माजी आला. प्रत त्याच्या हाती अजून पोचली नसावी. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्याने सवयीने रुमाल काढला, पसरला आणि वाट पाहिली.

“बघितलं म्हनं कॅमेऱ्यातलं,” तो म्हणाला. “आवाज व्हता का?”

“आवाज न्हवता.”

“मंग काय उपेग त्येचा.”

“रुमाल झटाकलास, त्ये दिसलं.”

धर्माजीचा पसरलेला हात तसाच राहिला. संपतरावांनी स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल काढला, घडी करून खिशात घातला आणि बैलाच्या मालकाकडे वळून चाळीस वर्षांत पहिल्यांदाच भर बाजारात, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “पावणं, किती सांगायचं? तोंडानं सांगा.”

आजूबाजूचे दलाल हसले. ते त्या दिवसापासून त्यांना ‘बोलका दलाल’ म्हणतात. संपतरावांचा धंदा पूर्वीच्या निम्माही नाही, कारण उघड्यावर भाव सांगायला फार थोडे शेतकरी तयार होतात. पण रुमालाखाली हात घालणे त्यांना आता जमत नाही. तिथे दुसऱ्याची बोटे हाताला लागली, की ती कोणाची आहेत हे त्यांना आधी बघावेसे वाटते.