पंचेचाळीसवर लावलेला नाच

आमच्या घरी राग आधी वाटणीला आला, शेत मागाहून. थोरला भाऊ मारायचा आणि मी मार मनात ठेवायचो.

ऐंशीच्या आधीची गोष्ट. अड्याळला माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या रेकॉर्डींत एक विलायती निघाली. हंगेरीकडच्या गावनाचांच्या, जिप्सींच्या चाली, मोठ्या वाद्यवृंदानं वाजवलेल्या. व्हायोलिनं आधी लाडात रेंगाळतात आणि मग एकदम अंगावर येतात. गावच्या नाटकात तलवारींची लढाई होती, भाऊ राजा होता. मीच म्हटलं, हीच लावू. संथ चालीत दोघांनी गोल फिरायचं, चाल उसळली की वार. तालमीचा नेम एकच: नाच संपेपर्यंत तलवार खाली ठेवायची नाही. जो थांबेल त्याची भूमिका गेली.

दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या नाटका-तमाशाच्या जत्रेला, आठवडा उरला होता. त्या सकाळी मी वायरचं वेटोळं वाळत्या धानावर टाकलं, तर भावानं चारचौघांत माझ्या कानाखाली जाळ काढला. "माया धानावर कायले पसारा मांडतं रे?"

दुपारी तालीम होती. भाऊ चाळिशीचा, समोरचा सेनापती विशीचा. म्हटलं, आज याला गावासमोर धाप लागू दे. सुई टेकवण्याआधी मी रेकॉर्डच्या वेगाचा खटका तेहतीस फेऱ्यांवरून पंचेचाळीसवर सरकवला; आता तोच नाच दीडपट जलद वाजणार होता.

कर्ण्यातून व्हायोलिनं किंचाळली. "बाजा काहून चिरकून राहिला?" कुणीतरी ओरडलं.

"व्होल्टेज वाढलं," मी म्हणालो. विजेबद्दल काहीही सांगितलं तरी आमच्याकडे खरं वाटायचं.

चाल उसळली. लोहारानं ठोकलेल्या तलवारींना धार नव्हती, पण लोखंड ते लोखंडच. भाऊ एक वार अडवतो तोच दुसरा यायचा. थांबला असता तर वाचला असता. पण राजेपण गेलं असतं. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. मग सेनापतीचा वार त्याच्या मुठीवर बसला. दोन बोटं लोंबू लागली. रक्तानं बरबटलेली तलवार त्यानं डाव्या हातात घेतली आणि ओरडत वार करीतच राहिला. मी सुई उचलली तेव्हा कुठं थांबला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ती बोटं काढावी लागली. मी खाटेशी बसलो होतो.

"मीच धिमा पडलो रे," भाऊ म्हणाला. "वय झालं मायं. मंडईले राजा तूच हो. तुले ताल समजते."

खरं तोंडाशी आलं होतं. मी "हो भाऊ" म्हणालो, आणि मंडईत त्याचाच मुकुट घालून लढलो. तो पुढ्यात बसून डाव्या हातानं मांडीवर ताल देत होता.