दिघोरीच्या बायांची पेटी आणायला कलकत्त्याला

दिघोरीच्या विहारातल्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, कोणीतरी पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं होतं, 'साहेबांकडून सप्रेम भेट'. मागच्या महिन्यात मी ते वाचलं. साहेब म्हणजे माझे यजमान, आता नाहीत. ती पेटी त्यांनी दिली नाही आणि आणलीही नाही. पेटी आली तेव्हा ते जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये स्वतःच्या हाताने वरणभात शिजवून खात होते. आज असते तर तो रंग त्यांनीच खरवडला असता. ते नाहीत म्हणून मी लिहिते आहे.

माझी नात प्रवासाचा ब्लॉग चालवते. तिला लवकरच कोलकात्याला जायचं आहे, म्हणून म्हणाली, 'आजी, तिथलं काय काय आठवतं तेही लिही.' लिहिते. काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यामुळे भाड्याचे आकडे निरुपयोगी आहेत, खाण्याबद्दलचं मात्र अजून चालेल.

मी तेव्हा फॅक्टरीच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवत होते. सासर दिघोरीचं. तिथे माझी मोठी जाऊ सुलोचना आणि वस्तीतल्या बाया विहारात भजनं म्हणायच्या. पेटी एकच, ती पुरुषांच्या मंडळाची. आदल्या हिवाळ्यात धान निघाल्यावर विहारासमोर कार्यक्रम झाला, तेव्हा बायांनाही ओट्यावर बसवलं. पेटीवाला नेहमीप्रमाणे पहिल्या काळ्या पट्टीवरून सुरू झाला. बायांनी खाली गाऊन पाहिलं तर नुसतं पुटपुटणं, वर गाऊन पाहिलं तर आवाज फाटायचा. लोक हसले. मंडळाचे प्रमुख माईकवरूनच म्हणाले, "बायांनी टाळ्या वाजवाव्या, थेच बरं."

पुढच्या पावसाळ्यात सुलोचना आणि वस्तीतल्या बायांनी मिळून धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, ठेक्याने घेतला. पाठ वाकवून, चिखलात उभं राहून, दुसऱ्यांच्या शेतातल्या बांध्या रोवून दिल्या आणि मजुरीतला वाटा पेटीसाठी बाजूला ठेवला. सुलोचनाच्या शेजारची कांता दुपारी पुरुष शेतावर असताना मंडळाच्या पेटीवर बोटं फिरवायला शिकली. येत्या हिवाळ्यात आम्ही आमच्या पेटीवर गाणार, असं त्यांनी गावात सांगून टाकलं. याही वेळी हसं झालं असतं तर पुन्हा त्या ओट्यावर बसायला मिळालं नसतं. हे बायांना माहीत होतं, प्रमुखांनाही माहीत होतं.

माझी रजा-प्रवासाची सवलत त्या वर्षी संपत होती. शेजारच्या क्वार्टरमधल्या मीरादी कलकत्त्याच्या. त्या म्हणाल्या, पेटी घ्यायची तर आमच्या चितपूरला. सुलोचनाने पैसे आणून दिले आणि एवढंच सांगितलं, "एक पेटी आणजा." यजमानांना म्हटलं, चला. ते म्हणाले, "मी आलो तर नुसती स्टेशनं मोजीन. आईले घेऊन जा. तिनं नागपूरच्या पलीकडं काही पाह्यलं नाही."

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सासूबाई निघालो. फॅक्टरीच्या बसने नाक्यापर्यंत, तिथून टेम्पोने वरठीला. वरठीचं स्टेशन म्हणजेच भंडारा रोड. हावड्याकडच्या सगळ्याच गाड्या इथे थांबत नाहीत, आधी चौकशी करा. बरोबर दशम्या, कांदा, मिरचीचा ठेचा. राउरकेल्यापर्यंत पुरलं. सासूबाई खिडकीशी बसून पिकं पाहत होत्या. छत्तीसगड लागलं तेव्हा म्हणाल्या, "इथंबी धानच हाय. मंग एवढ्या दूर कायले जाऊन राहिलो आपण?"

"पेटी आणायला," मी म्हटलं.

"थे ठाऊक हाय मले. धान पाह्यलं का बोलावंच लागते."

हावड्याला दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो. टॅक्सीवाल्याशी मीटरचं ठरवल्याशिवाय दार उघडू नये, हा नियम मी तिथे शिकले नाही, घरूनच शिकून गेले होते. पूल ओलांडताना सासूबाईंनी खाली नदीकडे पाहिलं आणि पदर सावरून बसल्या. "खांब नाई याले मधात," एवढंच म्हणाल्या. पूल संपेपर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

उतरलो कॉलेज स्क्वेअरजवळच्या एका बौद्ध धर्मशाळेत. खोली साधी आणि स्वच्छ, पाणी सकाळीच. संध्याकाळी बाहेर पडलो तर पुस्तकांच्या टपऱ्याच टपऱ्या. मला तिथून हलवणं कठीण झालं असतं, पण सासूबाईंना भूक लागली होती.

जेवणाबद्दल आमच्याकडच्या लोकांना सांगते, बिचकू नका. मी बिचकले होते, सासूबाई नाही. केळीच्या पानावर भात, पातळ डाळ, मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. मला वाटलं, झालं, आता चार दिवस केळी. त्या म्हणाल्या, "काटे काढून राहिली मी, थांब." मग सबंध पान पुसून खाल्लं. वाढणाऱ्याला खूण करून आणखी भात मागवला. तो बंगालीत काहीतरी म्हणाला, त्या आमच्या झाडीबोलीत उत्तरल्या, आणि दोघांचं नीट जमलं. आमचा मुलूख तळ्यांचा, भाताचा आणि झिंग्यांचा. परक्या शहरात आपलंच ताट समोर येईल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चितपूर. ट्रामने जा. तिकीट पैशांतच होतं, आणि ट्राम इतकी सावकाश जाते की पाट्या वाचून होतात. एका ओळीत बँडवाले, जत्रा नावाच्या बंगाली नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या, तबले, पेट्या. आम्ही गेलो ते दुकान अरुंद होतं. मालक चष्मा कपाळावर ठेवून भाता शिवत बसले होते. मी म्हटलं, एक चांगली पेटी दाखवा.

"कौन गायेगा?" त्यांनी विचारलं.

"औरतें. भजन."

"कौन पट्टी से?"

मी बी.ए., पण हा प्रश्नच मला नवा होता. पेटी म्हणजे पेटी असंच दिघोरीत सगळे समजत होते, आणि मीही.

"बाया गाते तिथून गाते," सासूबाई म्हणाल्या. "त्याची कायची पट्टी?"

मालक शांतपणे म्हणाले, "थोड़ा गाके दिखाइए, माँ."

"दुकानात काहून गाऊ मी? लोक पैसे टाकतीन." त्या माझ्याकडे वळल्या. "तू गा. तू होती ना रोवण्यात शेताच्या धुऱ्यावर, छत्री घेऊन."

शाळेतल्या प्रार्थनेपलीकडे मी आयुष्यात कधी गायले नव्हते, आणि प्रार्थनेतही मी मुलांवर लक्ष ठेवायची. पण कुणीतरी गायलंच पाहिजे होतं. मी उभी राहिले आणि रोवण्यातल्या गाण्याची एक ओळ म्हटली. मालकांनी चटकन सूर धरला. सासूबाईंनी मान हलवली.

"हे तुहं झालं. सुलोचना इथं नाई राहत. थे वर जाते."

"किती वर?"

"एवढी नाई. तू तं कोंबडीवानी ओरडून राहिली." आणि मला दाखवण्यासाठी त्यांनी स्वतःच सुरू केलं. चिखलात वाकून, रोपं मुठीत धरून, रोवणाऱ्या बायांच्या सबंध ओळीने ऐकावं असा तो आवाज होता. त्या अरुंद दुकानात तो मावत नव्हता. शेजारचा तबलेवाला दारात येऊन उभा राहिला. सासूबाईंचं लक्ष नव्हतं. मालकांनी बोटाने शोधत शोधत एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. पाचवी काळी.

"यहाँ से गाती हैं आपके गाँव की औरतें," ते म्हणाले. "और बजानेवाले कहाँ से बजाते हैं?"

सासूबाईंनी पुढे होऊन पहिल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "कांताले इथूनच येते. दुसरं नाई येत."

मालक मोठ्याने हसले नाहीत, पण हसले. त्यांनी जे सांगितलं ते मी मराठीत सांगते. तुमच्या बायांच्या गळ्यात काही खोट नाही. त्यांना पुरुषांच्या सुरावरून गायला लावलं होतं. साधी पेटी नेली तर तुमची कांता पुन्हा तिथूनच वाजवणार आणि पुन्हा तेच होणार.

आदल्या हिवाळ्यातलं ते हसणं मला तिथे ऐकू आलं. मला वाटत होतं बायांचा सराव कमी पडला. सगळ्यांनाच तसं वाटत होतं, बायांनाही.

मालकांनी मागून एक जड पेटी आणली. तिची पट्ट्यांची सगळी फळी बाजूला सरकते. बोटं पहिल्या काळीवर ठेवा, फळी सरकवा, सूर निघतो पाचव्या काळीचा. कांताला नवीन काही शिकायला नको. पेटी वापरलेली होती म्हणून बायांच्या पैशांत बसत होती. पण तिचा भाता गळत होता. दुरुस्तीला तीन दिवस लागतील म्हणाले. आमची गाडी तिसऱ्याच दिवशी संध्याकाळची.

"दुपारी दोनपर्यंत," मी म्हटलं.

"कोशिश करेंगे."

"कोशिश नको. दोन."

मग मधले दिवस कलकत्ता पाहिलं. चौरंगीला पाताळरेल्वेसाठी रस्ता असा खोदून ठेवला होता की फळ्यांवरून चालावं लागे. न्यू मार्केटमध्ये भाव निम्म्यावर आणा, तेवढं करून पाठ फिरवा, दुकानदार बोलावतोच. मी दोन तांताच्या, म्हणजे हातमागाच्या सुती, साड्या घेतल्या, त्या आजही आहेत. मातीच्या वाडग्यातलं दही खा. वाडगं फेकून द्यायचं असतं. सासूबाईंनी चार धुऊन आणली.

मोठ्या म्युझियमला अर्धा दिवस ठेवा. तिथे भरहुतच्या स्तूपाचं दगडी कुंपण आहे, लालसर, माणसापेक्षा उंच. मी पाटी वाचून सांगितलं की हे दोन हजार वर्षांपूर्वीचं, बुद्धाच्या स्तूपाभोवतीचं. एका खांबाखाली देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. पाटीवर लिहिलं होतं की असे पुष्कळ खांब साध्या माणसांनी आणि बायांनी दिले.

"बायांची नावं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आहेत."

"दगडावर?"

"दगडावर."

त्या तिथे खाली बसल्या. पहारेकरी आला, उठा म्हणाला. मी त्याला म्हटलं, त्या थकल्या आहेत, पाच मिनिटं. थकलेल्या नव्हत्या. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे जुनीच रीत हाय आपली."

तिसऱ्या दिवशी दीड वाजताच मी चितपूरला हजर. भाता शिवून झाला होता, पण एक सूर अजून घोगरा येत होता. मालक त्या सुराची पितळी पत्ती घासत होते, मी घड्याळाकडे पाहत होते. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्याकडं नको पाहू, माणसाचा हात थरथरते." मी ट्राम पाहत बसले. अडीचला पेटी हातात आली. मालकांनी फळी सरकवून दाखवली आणि सासूबाईंना पुन्हा गायला लावलं. या वेळी त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत पेटी बर्थवर आणि आम्ही दोघी कडेला. खरगपूरला एका माणसाने तिच्यावर बूड टेकलं. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, उठ. तिथं आमच्या गावच्या बाया बसल्या हायेत." त्याला शब्द कळले नाहीत, पण तो उठला.

दिघोरीला पेटी पोचली तेव्हा कापणी सुरू होती. कांताने पहिल्या काळीवर बोटं ठेवली, सासूबाईंनी फळी सरकवली, सुलोचना गायला लागली. पहिल्या ओळीनंतर ती थांबली. "काय झालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाई. गळा दुखून नाई राहिला." आणि पुन्हा सुरुवातीपासून गायली.

विहारासमोरचा कार्यक्रम झाला त्या दिवशी बाया शेवटपर्यंत ओट्यावर होत्या. कोणी हसलं नाही. प्रमुख पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, तालात. नंतर त्यांच्या पेटीवाल्याने येऊन फळी सरकवून पाहिली आणि कांताला विचारलं, "एखाद दिवस देशीन का?" कांता म्हणाली, "दुपारी ये, आम्ही शेतावर असतो तेव्हा."

त्या सहलीतून उरलं काय, असं नातीने विचारलं. साड्या उरल्या, मोहरीच्या माशाची कृती उरली, ती मी आजही बनवते. आणि हे उरलं की बिघाड गळ्यात नसून पट्टीत असू शकतो. त्यानंतरच्या माझ्या नोकरीत मी कोणत्याही मुलीला 'तुला जमणार नाही' असं म्हणण्याआधी थांबत असे. तेवढी सवय कलकत्त्याने लावली.

गेल्या आठवड्यात दिघोरीला जाऊन पेटीवरचा रंग मी स्वतः काढला. सुलोचना आता खाटेवर असते, पण शेजारी बसून 'कोपऱ्यात राहिलं, तिथं घास' असं सांगत होती. रंगवायचाच असेल तर मजकूर असा रंगवावा: 'रोवण्याच्या मजुरीतून, वस्तीच्या बायांनी'. खाली नावं. सगळी.

नोंद म्हणून लिहिते. कलकत्त्याहून आल्यावर दिघोरीच्या विहारात सुलोचनाच्या हाती दिलं ते असं: सरकत्या फळीची पेटी एक, तिचं लाकडी खोकं, दुकानदारांनी दिलेली एक जास्तीची पितळी पत्ती, खर्चातून उरलेले पैसे, आणि सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दिलेली मातीची चार वाडगी. साहेबांकडून काही नाही.