माया संपलेली पँट

माणसाला चार शत्रू असावेत. शत्रू आपल्या तब्येतीची चौकशी करत नाही, आपल्या बशीत डोकावत नाही आणि पहाटे पाच वाजता दार तर मुळीच वाजवत नाही. माझ्या नशिबी शत्रू नव्हते. मला जिवाभावाचा मित्र मिळाला, आणि तोही शिंपी.

डेपोच्या फाटकासमोर, एका इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान आहे. दुकान हा शब्द मी त्याचं मन राखायला वापरतो. आत एक पायमशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि एक गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा. गिऱ्हाईक माझ्यासारखं असेल तर शिंप्याला बाहेर उभं राहावं लागतं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी शहराची बस चालवायला लागलो आणि त्यानं बापाचं मशीन चालवायला घेतलं. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचे युनिफॉर्म तोच शिवतो, इस्त्रीही तोच करतो. सगळे त्याला ‘पाव इंच’ म्हणतात, कारण जगातली कुठलीही गोष्ट त्याला पाव इंच कमी नाहीतर पाव इंच जास्त वाटतेच. भिंतीवरचं कॅलेंडर, शेजाऱ्याची मिशी, माझं बोलणं. लग्न त्यानं केलं नाही. “मापात बसणारी मिळाली नाही,” असं तो सांगतो. त्यावर माझी बायको म्हणते, “भावजी, तुमच्या मापाची अजून देवानं बेतलीच नसेल.”

माप घेण्याची त्याची एक खास पद्धत आहे. टेप कमरेशी आला की कुठलाही स्वाभिमानी माणूस श्वास रोखून पोट आत घेतो. नेमका त्याच वेळी हा विचारणार, “धाकटीचा निकाल काय लागला रे?” उत्तर द्यायला आपण तोंड उघडतो, पोट आपल्या मूळ गावी परत येतं आणि टेप तिथेच पकडतो. डेपोतल्या दोनशे माणसांनी त्याच्यापुढे असे खरे जबाब दिलेले आहेत.

स्वतः हा असा किडकिडीत की वारा सुटला तर आधी यालाच आत घ्यावं लागेल. चहात मात्र चार चमचे साखर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, असं म्हणतात. हा पाषाण गोड होता एवढंच. मला म्हणायचा, “मी दिवसभर मशीन पायानं चालवतो, माझी जिरते. तू दिवसभर बसून असतोस.” जणू बस काय ढकलत न्यायची असते.

तर बत्तिशीचा मी चाळिशीचा झालो. वयाचं नाही, कमरेचं बोलतोय. हे काही एका दिवसात झालं नाही, सव्वीस वर्षं मी त्यावर मेहनत घेतली. डेपोच्या कँटीनमधला गोड चहा, शेवटच्या स्टॉपवरची तळणं, घरी उरलेलं वाया जाऊ नये म्हणून केलेला त्याग. दर वर्षी पँट घट्ट झाली की मी त्याच्याकडे टाकायचो. तो काही न बोलता मागची शिवण उसवायचा, आतलं दुमडलेलं कापड थोडं मोकळं करायचा आणि नवी टीप मारून द्यायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. माझं अंथरूण दर वर्षी वाढवून मिळत होतं.

मग यंदाची वैद्यकीय तपासणी आली. ड्रायव्हर लोकांची ती दर वर्षी होते. डेपोच्या डॉक्टरांनी साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, मला काट्यावर उभं केलं आणि काटा माझ्याकडे वळवला. कुठल्याही परीक्षेत मला एवढे आकडे मिळाले नव्हते. ते म्हणाले, “तीन महिन्यांनी परत या. हेच आकडे असले तर मी सही करणार नाही. मग स्टिअरिंग सोडा आणि टायरच्या गोदामात बसा.” हे सगळं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं, म्हणजे माझी विसरायचीही सोय राहिली नाही.

मला बस चालवता येते. दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही. गोदामात बसून टायरांना नंबर घालणारे दोन जुने ड्रायव्हर मी रोज बघतो. फाटकातून गाडी बाहेर पडली की ते मान वर करून बघतात. मला धडकी भरली. घरी कुणाला काही सांगितलं नाही. भरपूर विचार करून उपाय काढला: पँट सैल करून घ्यावी. ढगळ पँटीत माणूस बारीक दिसतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, पण मलम तरी होतं.

ड्यूटी संपल्यावर दोनातली एक पँट घेऊन मी दुकानात गेलो. “इंचभर सोड.”

त्यानं पँट उलटी केली, मागची शिवण बोटानं चाचपली. “माया संपली,” तो म्हणाला.

“काय?”

“माया संपली. आता नाही सोडता येणार.”

दिवसभर डॉक्टरांचे शब्द डोक्यात घण घालत होते, त्यात हे. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि हा माणूस पँटीकडे बघत, वर मानही न करता म्हणतो की माया संपली! माझं डोकंच फिरलं. “संपली तर संपली! मला तरी कुठे ऊतू चाललीय? शाळेत तुझी गणितं कुणी सोडवली ते आठव!” असं मी जिन्याखालून चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोललो आणि तरातरा निघालो. पँट तिथेच राहिली.

घरी येऊन बायकोला म्हटलं, “त्याचं नाव या घरात काढायचं नाही. तोंडावर म्हणाला, माया संपली.”

“कशावरून म्हणाले?”

“पँट सैल कर म्हटलं त्यावरून.”

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडावर घेऊन खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “अहो, शिवणीतली माया! आत जादा कापड ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. सव्वीस वर्षं कपडे शिवून घेताय आणि एवढं माहीत नाही?”

नव्हतं माहीत. मी बस चालवतो, मशीन नाही. पण चौथ्या मजल्यापर्यंत ओरडून आल्यावर माणूस परत जाऊन माफी मागतो होय? मी ठरवलं की कापडाची असो नाहीतर मनाची, अपमान तो अपमान.

पण हात दाखवून अवलक्षण मी आधीच करून बसलो होतो. त्या पँटीच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दार वाजलं. दारात हा, पायात कुठल्याशा गिऱ्हाइकानं टाकून दिलेले कॅनव्हासचे बूट. “चल,” म्हणाला.

“कुठे?”

“बूट घाल आधी.”

मागे वळून पाहिलं तर बायको माझे बूट हातात घेऊनच उभी. खिशातली चिठ्ठी त्यानं आदल्या संध्याकाळीच माझ्या नकळत तिच्या हातात पोचवली होती. ती रडली असावी, डोळे सुजले होते. मी निमूटपणे बूट घातले. मग रोज पाऊण तास आम्ही चाललो. नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत. मी धापा टाकायचो आणि हा बोलायचा. चालताना बोलता आलं पाहिजे म्हणे, म्हणजे वेग बरोबर. त्याचा वेग नेहमी बरोबर असायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त माझं तोंड दाबायचीही गरज नव्हती, श्वासच पुरत नव्हता.

कँटीनवाल्याचे शर्ट तोच शिवतो, त्यामुळे माझ्या चहातली साखर एका दिवसात नाहीशी झाली. शेवटच्या स्टॉपवरच्या तळणवाल्यानं मला बघून कढईवर झाकण ठेवलं. माझा कंडक्टर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला म्हणाला, “काका, काकडी घ्या.” घरीदारी हेरच हेर. मोठमोठ्या माणसांना मारायला लोक टपलेले असतात. मला जगवायला टपले होते.

आणि एवढं सगळं करून पँट घट्टच! हे मला समजेना. शनिवारी इस्त्रीला जायची, सोमवारी घातली की कमरेला काचायची. घरात नाडीचा पायजमा, आणि नाडी कधी तक्रार करत नाही. खरं सांगणारी एवढी एक पँटच. दोन्ही पँटींचं एकच म्हणणं. मी भात निम्मा केला. पुढचा सोमवार, परत घट्ट. बिस्किटं बंद केली. परत घट्ट. पाव इंचाला विचारलं तर गंभीर चेहरा करून म्हणायचा, “काही शरीरं चिवट असतात रे.” मी पुलाच्याही पुढे चालायला लागलो. मनातून पुरता घाबरलो होतो. वाटायचं, आता गोदामात आपली खुर्ची कुठे ठेवतील, खिडकीशी की आत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सगळं पुन्हा पाहिलं. काटा पाहिला, कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला. “नऊ किलो कमी. साखर आटोक्यात आली. छान.”

“डॉक्टर, काटा बिघडलाय,” मी म्हटलं.

“काटा ठीक आहे.”

“अहो, माझी पँट बघा ना! तीन महिन्यांपूर्वी होती त्याहून घट्ट आहे. मी जाड झालोय.” सही करायला निघालेल्या डॉक्टरांशी सही करू नका म्हणून भांडणारा मी बहुधा पहिलाच ड्रायव्हर असेन. शेवटी त्यांनी टेप काढून माझी कंबर मोजली. सदतीस. आम्ही दोघंही पँटीकडे बघत राहिलो.

घरी येऊन पँट उलटी केली. मागच्या शिवणीशेजारी जुन्या टिपांच्या भोकांच्या रांगा, एकीच्या पुढे एक, दर शनिवारची एक. आणि आत चार बोटं कापड दुमडलेलं. बायको दारात उभी राहून नखं बघत होती, मग तिनं सगळं सांगून टाकलं. सुट्टीच्या दुपारी मी घोरत असताना ही बाई दोरीनं माझी कंबर मोजायची, दोरीला गाठ मारायची आणि इस्त्रीच्या कपड्यांबरोबर पाठवून द्यायची. त्या गाठीहून आणखी पाव इंच आत हा टीप घालायचा.

मी तसाच दुकानात गेलो. पँट त्याच्या मशीनवर आपटली. “तीन महिने मला फसवलंस! रात्रंदिवस घाबरत होतो मी!”

“माहितीये,” तो म्हणाला. पाय थांबवले नाहीत, टीप चालूच.

“बारीक झालोय हे सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?”

“त्याच दिवशी कँटीनमध्ये बसून साजरं केलं असतंस. ओळखतो मी तुला.”

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. “आता पास झालोय. सोड ती सगळी. मला मोकळा श्वास घेऊ दे.”

त्यानं मशीन थांबवलं. पँट हातात घेतली, कात्री घेतली आणि शिवणीवर ठेवलीसुद्धा. मग तिथेच थांबला. “दादापण असंच म्हणायचा,” तो म्हणाला.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. आमच्याच डेपोत ड्रायव्हर होता. मला गाडी शिकवली ती त्यानंच. गेल्या वर्षी शेवटच्या स्टॉपवर त्यानं गाडी नीट कडेला लावली, इंजिन बंद केलं, आणि त्यानंतर सीटवरून उठलाच नाही. सगळे उतारू सुखरूप उतरले होते. दादाचं काळीज थकलं होतं, असं आम्ही डेपोत एकमेकांना सांगितलं आणि कामाला लागलो.

“दर वर्षी पँट घेऊन यायचा,” पाव इंच म्हणाला. “म्हणायचा, छोट्या, जरा मोकळा श्वास घेऊ दे. मी सोडायचो. सात इंच सोडलं मी, वेगवेगळ्या वर्षी. आतली संपली तर वरून जोड लावला, रंग जुळवून, कुणाला कळू नये असा. मला सगळ्यांच्या आधी दिसत होतं रे. डॉक्टरच्याही आधी. टेप माझ्या हातात होता. पण थोरला भाऊ, त्याला नाही कसं म्हणायचं? लोक म्हणायचे, भावावर काय जीव आहे याचा.”

मी दादाची ती पँट डोळ्यांनी पाहिली होती, शेवटच्या दिवशीसुद्धा. अंगावर छान बसली होती.

“सोडू का?” त्यानं विचारलं. कात्री अजून शिवणीवरच होती. मी हो म्हटलं असतं तर त्यानं सोडली असती, हे मला कळलं.

“नको,” मी म्हटलं. “काचते तीच बरी आहे.”