वीस फुटी पाइपाची फिर्याद

ती घटना आठवली की अजून डोकं तापतं. नोकरीतले मोठमोठे गुन्हे विसरलो, पण एका लोखंडी पाइपाने मला जे नाचवलं ते काही विसरत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, हवालदार म्हणून निवृत्त झालो, मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत डिंभ्याकडच्या एका गावातलं आउटपोस्ट माझ्याकडे होतं. पुढे कचेरी, मागे आमचं बिऱ्हाड. कुणाचं नाव घेणार नाही. गाव लहान, माणसं अजून हयात आहेत.

त्याच आठवड्यात मी टीव्ही घेतला होता. घोडेगावचा दुकानदार म्हणाला, अँटेना बसवायला माणूस पाठवतो. मी म्हटलं, रायफल खोलून परत जोडणाऱ्याला हे काय अवघड? परसात खोका उघडला. मधे एक दांडी, तिच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या नळ्या. आखूड नळ्या पुढे, लांब मागे, असं ते असतं. माझं पहिल्यांदा उलटं बसलं. बायको म्हणाली, "अहो, खोक्यावरच्या चित्रात लांब नळी मागं हाय." मी तिला चहा ठेवायला सांगितलं आणि ती आत गेल्यावर बदललं.

गाव खोलगट, मधे डोंगर. उंची नसेल तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी पोलीस पाटलाला बोलावलं. "पाटील, वीस फुटी पाइप पाहिजे. आजच्या आज. उद्या मॅच आहे."

दिवस मावळायच्या आत पाइप हजर. परसातल्या भिंतीला धरून उभा केला, मी क्लॅम्प ठोकले, पाटलाने वायर ठिकठिकाणी काळ्या टेपने पाइपाला गुंडाळली. अँटेनाचं तोंड पुण्याकडे केलं आणि चित्र लख्ख. अर्धं गाव मॅच बघायला आलं. पाइप कुठून आणला, हे मी विचारलं नाही. तिथेच घोडं पेंड खात होतं.

दोन दिवसांनी एक बाई फिर्याद घेऊन आली. विधवा, एकटी शेती करणारी, जिभेला धार. विहिरीवरची मोटर वायंडिंगला दिली म्हणून पाइप काढून कडेला ठेवला होता. मोटर आली तर पाइप गायब. वाफ्यात कांद्याचं रोप उभं, पाणी नाही.

"हवालदार, चार-पाच दिसात रोप जळंल. मंग पाइप घावला काय न न्हाई घावला काय, वरीस गेलं माजं."

मी लिहून घेतलं : दीड इंची लोखंडी पाइप, लांबी वीस फूट, एका टोकाजवळ लाल रंगाचा पट्टा. चावडीसमोर उभा राहून मी मोठ्याने सांगितलं, "चोर सापडला की त्याच्याच खांद्यावर पाइप देऊन गावातून फिरवीन!" पोलीस पाटील शेजारीच उभा होता. मान डोलावत होता.

मग तपास. भंगारवाल्याचा माल उपसला. वायंडिंगवाल्याचा जबाब घेतला. बाईचं दिराशी बांधावरून भांडण होतं, म्हणून दिराला सकाळपासून बसवून ठेवलं. तो गडी घाबरेना. उलट मलाच विचारतो, "सायेब, चित्र बरं दिसतं का आता?"

"उद्धटपणा करू नको. पाइप कुठे आहे?"

"मी काय सांगू राव? तुमी हुशार."

बाई रोज यायची. ओट्यावर बसायची आणि म्हणायची, "फिर्याद वाचून दावा." मी वाचायचो. वीस फूट म्हटलं की म्हणायची, "बरूबर लिवलंय. आता परत एकदा वाचा." मला वाटे, बाईचं डोकं चळलं. रोज रोप किती पिवळं पडलं तेही सांगून जायची.

चौथ्या दिवशी दाराच्या फटीत चिठ्ठी सापडली. "पाइप पडलेला नाही, उभा आहे." झालं! मी गावातले सगळे उभे पाइप मोजत सुटलो. शाळेचा झेंड्याचा खांबसुद्धा टेप लावून मोजला. हेडमास्तर नुसते बघत राहिले. पाटील टेपचं दुसरं टोक धरून होता.

पाचव्या दिवशी सकाळी वानरं आली, अँटेनावर लोंबकळली आणि चित्र गेलं. आधीच वैतागलेला, त्यात हे. परसात जाऊन दोन्ही हातांनी पाइप धरला आणि फिरवायला लागलो. बायको आतून ओरडत होती, "आलं... गेलं... थोडं मागं... अहो, लई मागं गेलं!" पाइप जाम. जोर लावला तशी हाताखालची टेप सुटली. टेपखाली लाल पट्टा.

मी तसाच उभा राहिलो. आतून बायको, "आलं, आलं, आता हलवू नका!"

पाटलाला बोलावलं. "हा कुठून आणला?"

"इहिरीवर गवतात पडला व्हता सायेब. जुना असंल वाटलं. तुमी आजच्या आज म्हणला."

"मग पाच दिवस तोंड शिवलं होतं का?"

"तुमी पयल्याच दिशी खांद्यावर पाइप देऊन फिरवतो म्हणला. मंग कसं बोलावं?"

तेवढ्यात बाई आली. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला दिसला नाही का?"

"फिर्याद देऊन भाईर पडले तवाच दिसला. पर चोरी लिवणारे तुमी, शोधणारे तुमी, पाइप तुमच्याच घरावर. दावायचा कुणाला? म्हून वाचायला लावत व्हते."

सगळ्या गावाला माहीत होतं. दिराला, हेडमास्तरांना, सगळ्यांना! मी खाली मान घालून शोधत होतो आणि गाव वर बघून हसत होतं.

मुद्देमाल म्हणून जप्त केला असता तर पाइप महिनोन् महिने ठाण्यात पडला असता. रोपाला तेवढी सवड नव्हती. मी क्लॅम्प काढले. पाइपाचं पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागचं पाटलाच्या. अंगात वर्दी तशीच. बोललो होतो ते केलं. भर सकाळी गावातून विहिरीपर्यंत चाललो, बाई पुढे. कुणी हसलं नाही, त्याचा जास्त राग आला.

दुपारी मोटर चालू झाली. अर्धं रोप वाचलं, अर्धं गेलं. डायरीत मी माझ्या हाताने लिहिलं की पाइप हवालदाराच्या घरी मिळाला. वरिष्ठांनी बोलायचं ते बोलून घेतलं.

आता कुणी विचारतं, काय शिकलात? एवढंच, की दरारा फार वाढला की लोक हवालदाराला खरं सांगायचं बंद करतात. आणि दुसऱ्याला "आजच्या आज" म्हणताना आपण काय मागतोय ते बघावं. अजून कुणी म्हटलं की आणून देतो, तर मी आधी विचारतो, कुठून?

आठ दिवसांनी बाईने एक लांब बांबू आणून परसात टाकला.

"ह्यो माज्या बांधावरचा हाय. फिर्याद करणार न्हाई."

बदली होईपर्यंत अँटेना त्याच बांबूवर होता. वारा सुटला की वाकायचा, चित्र जायचं. मी स्वतः जाऊन धरायचो.