भिंतींना पट्टा बांधणारे भाऊजी

मागच्या महिन्यात डोणगावची तार आली तेव्हा मी मेहकरला शाळेत वर्गावर होतो. ‘भाऊजी गेले.’ माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला लाज वाटते... भिंत तर नाही पडली? ते गेले न्यूमोनियानं, अंथरुणावर. पण ही धास्ती आम्हाला त्यांच्यापासूनच लागलेली.

विठ्ठलराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेत ओव्हरसियर म्हणून क्वेट्ट्याला होते. तिथल्या भूकंपात घराचं जड मातीचं छत कोसळलं. ताईला त्यांनी ओढून काढलं. त्यांची तीन वर्षांची लेक यमू सापडली ती दुसऱ्या दिवशी. नोकरी सोडून दोघं वऱ्हाडात डोणगावला परतले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात भाऊजींनी खळ्यात, फळ्यांवर, कमरेएवढी मातीची दोन घरं बांधली. एक गावातल्यासारखं, दुसऱ्यात दाराच्या वरून चारी भिंतींत सागाचा पट्टा फिरवलेला. खाली गोल ओंडके घालून गडी ती दोरांनी मागंपुढं ओढून भूकंपासारखे हिसके देऊ लागले. पहिलं घर धाडकन बसलं. लोक हसले. भाऊजी मात्र पांढरेफटक पडून दोन्ही हातांनी जमीन धरून बसले होते. दुसरंही टिकलं नाही. कोपऱ्यावर लाकडं नुसती खिळ्यांनी जोडली होती, तिथंच ते उघडलं.

“भूकंप इकडं कायले येते, विठ्ठलराव?” पाटलांनी विचारलं.

“न येन्याचं कोनं लिहून देल्लं का?” म्हणत ते वहीत टिपत राहिले.

दोन वर्षं ते घरं बांधत आणि पाडत राहिले, दर पडझडीला तसेच भ्यायचे. शेवटी कोपऱ्यावर लाकडं खाच पाडून एकमेकांत बसवली, आरपार खुंटी ठोकली. ते घर तडकलं, पण उभं राहिलं. मग तसाच पट्टा त्यांनी राहत्या घरात घातला.

एका दुपारी मी तिथं जेवत असताना फळीवरची भांडी किणकिणली. मग पाटच हलला. ताई चुलीपाशी थिजून बसली. “भायेर! भायेर व्हा!” भाऊजींनी तिला दंडाला धरून उठवलं. अंगणात आम्ही तिघं एकमेकांना घट्ट धरून उभे... शेजारच्या म्हादजींची भिंत डोळ्यांदेखत रस्त्यावर आली. सुदैवानं ते शेतात होते. आमच्या भिंतीतली भेग चढत चढत लाकडापाशी थांबली. तिच्यावरून बोट फिरवत भाऊजी रडले. “हे तवा मले माहीत असतं तर...” त्यानंतर मात्र लोक आपण होऊन त्यांना बोलावू लागले.

तेराव्यानंतर मी परत निघालो, त्या दिवशी मागच्या गल्लीत भाऊजींसारखाच पट्टा घालून एका नव्या घराचं काम चालू होतं. ताई डोक्यावर पदर घेऊन तिकडं चालू लागली. मिस्त्री गडबडून उठला. खुंटी ठोकली की भाऊजी तो सांधा सगळ्या अंगाच्या जोरानं हलवून बघत. ताईनं तेच केलं. लाकूड कुरकुरलं. ती दचकून मागं सरली. मला वाटलं, आता घरी चल म्हणेल.

“काढ हे,” ती मिस्त्र्याला म्हणाली, “अन् पुन्हा ठोक. मी उभी हाये.”