पाटीच्या नावावर फाईल

मंचरच्या बाजारात कांद्याच्या भावाची नवी पाटी कॉम्प्युटरवर चालवायला मी गेले, घरातली पहिली पदवीधर. लिलाव तोंडावर आला, वडील आमचा कांदा घेऊन समोरच, आणि पाटी काळीच!

"काय ताई, दिसंना व्हय?" आडतदार हसले.

चूक माझीच. आमच्याकडं सातबारा थोरल्याच्याच नावावर असतो, तशी मी कालच्या दरांची फाईल कॉम्प्युटरच्या मुख्य खात्याच्या नावावर टाकली होती. पाटीच्या प्रोग्रामला ती वाचताच येईना. मग 'इन्स्टॉल' कमांड लिहिली. फाईल जागेवर ठेवणं, ती पाटीच्या प्रोग्रामच्या नावावर करणं, त्याला वाचायची परवानगी देणं, सगळं एका ओळीत! एन्टर दाबलं आणि भाव झळकले.

वडिलांनी शेजारच्याला कोपरखळी मारली, "आमच्या पोरीनं केलंय, राव!"