सुजाताच्या पासची तिसरी चक्कर

हसा खुशाल, पण चहा आधी खाली ठेवा, सांडेल!

मी निवृत्त शिक्षिका. बौद्धिक दिव्यांगांच्या एका संस्थेत मदत करते. गावभर व्याख्यानं झोडते : 'यांच्याशी नीट बोला, माणूस बघून मनाचे अंदाज बांधू नका.' हे कोण सांगतं? मी!

आमची सुजाता सव्वीस वर्षांची. वाडीला राहते, शहरात संस्थेच्या मसाला केंद्रात पाकिटं भरते. तिला बसचा सवलतीचा पास हवा होता. कामावर एकटीनं जायचं होतं, आईला सोबत न घेता. दोन चकरा वाया. एकदा फोटो लहान, एकदा शिक्का पुसट. खिडकीवरूनच परत! तिसऱ्यांदा मी तिला घेऊन तणतणतच डेपोच्या ऑफिसात शिरले. पास देणाऱ्या साहेबांची खुर्ची रिकामी.

"बसा, साहेब इथंच हायेत," म्हणत शिपाई निघून गेला.

इथंच म्हणजे कुठं? बाकावर एक गृहस्थ तेवढे होते. नमस्कार केला, तर "उं." नाव विचारलं, तर "उं उं." मान वर, ओठ घट्ट मिटलेले, हातानं कायतरी खुणा. मी लगेच ओळखलं! कुणीतरी या बिचाऱ्याला एकटं सोडून गेलं!

"बाई, ते..." सुजातानं माझा पदर ओढला.

"थांब वं, घाबरतील ते."

न बोलणाऱ्या मुलांसाठीची चित्रांची कार्डं माझ्या पिशवीत असतातच. काढली. "दादा, पा-णी पाहिजे? भू-क लागली?" त्यांचे डोळे हे एवढे!

"बाई, ऐका ना!"

"गप बस म्हटलं ना!"

संडासाचं कार्ड दाखवलं, तशी त्यांनी जोरजोरात मान डोलावली. "शाब्बास!" हात धरून, अख्ख्या ऑफिसासमोरून नेलं हो मी त्यांना! "मी बाहेरच आहे हं, घाबरायचं नाही."

आतून आली पिचकारी. खर्रा! तोंडभर तंबाखू-सुपारीचा खर्रा होता!

गृहस्थ बाहेर आले, थेट त्या रिकाम्या खुर्चीत बसले. "बोला मॅडम, काय काम हाय?"

मी कार्डं पिशवीत कोंबायला लागले. सुजातानंच कागद पुढे केले. "नमस्कार साहेब. पास पाहिजे. एकटीनं जायाचं हाय." कुठून चढते, कुठं उतरते, सगळं पटापट सांगितलं. शिक्का बसला!

बाहेर येऊन मी तिच्यावरच डाफरले, "माहीत होतं, तर सांगायचं ना!"

"सांगून तर राहिली होती. शिपायानं बोट दाखवलं होतं त्यांच्याकडं. तुम्ही ऐकाल तर ना!"

पास पर्समध्ये ठेवून तिनं माझा हात धरला.

"चला बाई, आधी तुम्हाले घरी सोडून देतो."